लवासा: दासवेचा बांध, टेमघरपुढचा घाट आणि दोन रात्रींचा मुक्काम

भाच्याला लवासात, पुण्याजवळच्या त्या खासगी गिरिस्थानात, जुना फ्लॅट घ्यायचा होता. एक बेडरूम, बाल्कनीसमोर तळं, आणि किंमत त्याच्या आवाक्यातली. तो म्हणाला, "मावशी, फ्लॅट मी बघतो. तू बांध बघ आणि रस्ता बघ." पाटबंधारे खात्यात माझी तेहेतीस वर्षं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे आणि लहान धरणांवर. मे महिन्यात आम्ही लवासातल्या दासवे गावात दोन रात्री राहिलो. नंतर सप्टेंबरात, पाऊस असताना, मी पुन्हा एका दिवसात जाऊन आले. हे दोन्ही वेळचं मिळून लिहिते आहे. तिथे सुट्टीला जाणाऱ्यांना याचा थोडा उपयोग होईल, घर घ्यायला निघालेल्यांना बराच.

चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत गर्दी सोसायची. पुढे डावीकडे वळून उरवडे, मग मुठा खोरं. हा तुकडा फार सुंदर आहे. टेमघर धरण लागलं की मी गाडी थांबवायला सांगतेच. २०१६ साली या धरणाच्या भिंतीतून गळती इतकी वाढली होती की राज्यभर त्याची चर्चा झाली आणि पुढची काही वर्षं ग्राउटिंग करून, म्हणजे भिंतीत सिमेंटचं मिश्रण दाबाने भरून, ती आटोक्यात आणावी लागली. आमच्या पेशातल्या माणसाला तिथून मान खाली घालूनच पुढे जावं लागतं. भाच्याला मी तिथेच उतरून सांगितलं की धरण बांधून झालं म्हणजे काम संपलं, असं कधीच नसतं.

टेमघर सोडलं की घाट सुरू होतो. चढ, वळणं, मग कमान, आणि खाली एकदम ते रंगीत गाव दिसतं. तळ्याकाठी कमानीसारख्या वळणावर ओळीने इमारती, उतरती छपरं, पिवळ्या-तांबूस भिंती. इटलीतल्या पोर्टोफिनो या किनाऱ्यावरच्या गावाचा नमुना समोर ठेवून हे उभं केलेलं आहे. काठावरून फिरायला फरसबंद वाट आहे. संध्याकाळी सहानंतर वारा सुटला की त्या वाटेवर चालताना मन निवतं, हे मी मनापासून लिहिते.

आता तळ्याबद्दल, कारण तिथल्या घराची निम्मी किंमत त्या तळ्याचीच असते. अनेकांना वाटतं की समोरचं पाणी म्हणजे वारसगाव धरणाचा जलाशय. तसं नाही. वारसगाव मोसे नदीवर आहे. त्याच्या जलाशयाला बाजी पासलकरांचं नाव दिलंय, आणि ते योग्यच आहे, कारण हे मोसे खोरं त्यांचंच. खडकवासला, पानशेत, वारसगाव आणि टेमघर या पुण्याच्या चार धरणांत ते सर्वांत मोठं, जवळजवळ १२.८ टीएमसीचं (म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी). पण ते धरण पुण्याला पाणी प्यायला आणि खाली शेतीला द्यायला बांधलेलं आहे. त्यामुळे हिवाळ्यापासून पाणी सुटत राहतं आणि मे महिन्यात जलाशयाचा काठ आत आत सरकत जातो. आम्ही मेमध्ये जलाशयाच्या कडेने थोडं खाली उतरून बघितलं. वाळलेल्या गाळाला वीतभर रुंद भेगा पडल्या होत्या, त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे कोरडे होऊन बसले होते, आणि पाणी कुठेतरी लांब चकाकत होतं.

अशा काठावर "तळ्यासमोरचं घर" कोण घेईल? म्हणून मोठ्या जलाशयाच्या शेपटाकडे, वरच्या अंगाला, दासवेला वेगळा बांध घातला. पावसाळ्यात वरून येणारं पाणी या बांधात अडतं, तळं भरलं की जास्तीचं खाली वारसगावच्या जलाशयात जातं, आणि उन्हाळ्यात खालचा जलाशय उतरला तरी वरचं तळं बऱ्यापैकी जागेवर राहतं. भाच्याला मी हे वाळूत काडीने रेघा ओढून दाखवलं. मेमध्ये दासवेच्या काठाच्या दगडांवर पाणी उतरल्याची खूण फार तर माझ्या कमरेएवढी होती. खाली भेगाळलेला गाळ आणि वर भरलेलं तळं, हे एकाच दिवशी पाहिलं की बांध कशासाठी आहे ते पटकन कळतं. ज्यासाठी बांधला, ते काम तो करतो आहे.

पण अडवलेलं पाणी शेवटी पुण्याच्या धरणाच्या पाणलोटातलंच असतं. या प्रकल्पावर ज्या हरकती आल्या त्यात ही एक मोठी होती, आणि मला ती तेव्हाही रास्त वाटली होती, आजही वाटते. काठावरच्या वाटेवर फिरताना मला ती विसरता आली नाही.

बांधाच्या भिंतीवर आम्हाला जाता आलं नाही, आणि तेच बरोबर आहे. लांबून आणि खालच्या अंगाने जेवढं दिसतं तेवढं दोन्ही वेळा नीट पाहिलं. धरण बघायला लोक पावसाळ्यात जातात, सांडव्यावरून पाणी पडताना फोटो काढतात. गळती बघायची असेल तर मात्र भर उन्हाळ्यात जावं. पावसात सगळंच ओलं असतं. मेमध्ये भिंत जिथे डोंगराला भिडते तिथे ओल दिसते का, मधेच एखादा हिरवा पट्टा उगवलाय का, भिंतीच्या सांध्यात पिंपळ-उंबराचं रोपटं रुजलंय का, हे बघायचं. मला दिसलं त्यात काळजी करावी असं काही नव्हतं. डोळ्यांनी लांबून बघणं म्हणजे तपासणी नव्हे, त्यामुळे मी "सुरक्षित आहे" असा शिक्का मारत नाही. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरण असेल तर मालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं त्यात बंधनकारक आहे. घर घेणाऱ्याने बांधाची उंची आणि हे अहवाल मागावेत. मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

हे मी एवढं लावून धरते त्याला कारण आहे. माझा जन्म नारायण पेठेतला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी अंगावर पिणारी होते. आईने मला आणि आजीचा पितळी डबा घेऊन घर सोडलं. पुढे कितीतरी वर्षं आमच्या वाड्याच्या जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, आणि चुना लावला तरी दर पावसाळ्यात ती वर उमटायची. पानशेतचं काम तेव्हा पुरं झालेलं नव्हतं आणि पाणी आधीच भरलं. धरणाच्या नोकरीत मी त्या रेघेमुळेच गेले, असं आई म्हणायची.

आता रस्ता. मेमध्ये रस्ता कोणालाही आवडेल. डांबर बऱ्याच भागात शाबूत, वळणांवर बाहेरची बाजू व्यवस्थित उचललेली, काही ठिकाणी तर आपल्या राज्यातल्या कितीतरी घाटांपेक्षा सरस. डोंगर कापून काढलेल्या बाजूला संरक्षक भिंती आहेत. डोंगराचं पाणी बाहेर यावं म्हणून या भिंतींत भोकं ठेवतात, आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. सप्टेंबरात एका भिंतीच्या जवळजवळ प्रत्येक भोकातून करंगळीएवढी धार सुटलेली होती. ते बघून मी गाडीतून उतरले आणि पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. भिंतीमागे पाणी साचत नाहीये, भिंत श्वास घेतेय, असा त्याचा अर्थ. बांधणाऱ्याने तिथे मागे दगडांचा भराव नीट घातला असणार.

पण त्याच घाटात एका वळणावर उलट चित्र होतं. डोंगराकडचं गटार मुरूम, पाला आणि वेफर्सच्या पिशव्यांनी काठोकाठ भरलेलं. पाण्याला गटारात जागा नाही, म्हणून ते रस्त्यावरून आडवं वाहत होतं आणि दरीकडची साइडपट्टी खात होतं. डांबराची कड हातभर लांब पोकळ झालेली, खाली बोट घातलं तर खडी हातात येत होती. रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या पुढच्या मोरीचं तोंड निम्मं बुजलेलं. तिथे एक सत्तरीतले बाबा डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन फावड्याने गटार उपसत होते. कुणी सांगितलं का, असं विचारलं तर म्हणाले, "कोण सांगतंय ताई? हितं तुंबलं की समदं पानी आमच्या खळ्यात येतं. दर वर्साला मीच काढतो." मी छत्री मिटली आणि मोरीच्या तोंडातल्या चार फांद्या ओढून काढल्या. पाणी गुडगुड करून आत गेलं आणि रस्त्यावरचा लोंढा दहा मिनिटांत निम्मा झाला. बाबा हसले आणि म्हणाले, "तुमी सरकारी होता व्हय?"

घाटातल्या रस्त्याचा शत्रू वाहन नाही, पाणी आहे. सह्याद्रीत वरचा थर मुरमाचा आणि मातीचा, खाली काळा कातळ. इमारतीसाठी किंवा रस्त्यासाठी उताराचा पाया कापला आणि वर पाणी मुरत राहिलं की भिजलेला थर कातळावरून घसरतो. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत दासवेत दरड बंगल्यांवर आली, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. म्हणून घर घेताना तळं कुठून दिसतं हे बघून झालं की मागे वळून डोंगर बघा. उतार किती उभा कापलाय, वर चर खणून पाणी बाजूला काढलंय का, झाडं सरळ उभी आहेत की खालच्या अंगाला झुकलीत. भाच्याला आवडलेल्या इमारतीच्या मागचा उतार मला बरा वाटला. त्याच्या शेजारची इमारत मी त्याला घेऊ दिली नसती.

राहण्याबद्दल थोडक्यात. भाड्याने घेतलेला फ्लॅट स्वच्छ होता, नळाला पाणी पुरेसं, दोन रात्रींत वीज एकदाच वीस मिनिटं गेली. शनिवार-रविवारी काठावर गाड्याच गाड्या, सोमवारी सकाळी मात्र शुकशुकाट. ख्राइस्ट विद्यापीठाची मुलं तिथे शिकायला आहेत, त्यांच्यामुळे खाण्याची ठिकाणं टिकून आहेत असं मला वाटलं. चांगलं जेवण आम्हाला गावात नाही, येताना मुठा खोऱ्यातल्या एका घरगुती ठिकाणी मिळालं: पिठलं, तांदळाची भाकरी आणि लोखंडी तव्यावरचा ठेचा. औषधाचं दुकान शोधावं लागलं. वयस्कर माणसं घेऊन जाणाऱ्यांनी गोळ्या सोबत ठेवाव्यात, कारण रात्री हा घाट उतरून पिरंगुट गाठायचं म्हणजे सोपं काम नाही.

हे नवं गाव अर्धवट का राहिलं, ते घर घेणाऱ्याला माहीत असायला हवं. १९९६ साली राज्य सरकारने खासगी गिरिस्थानांसाठी नियम केले, २००१ मध्ये इथली १८ गावं त्यात आली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कारवाई केली आणि काम थांबलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. अनेकांनी पैसे भरले आणि घर मिळालं नाही. मुगावकडच्या कातकऱ्यांच्या जमिनींचे प्रश्न तर त्याहून जुने. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही नावं या डोंगरात नव्या नावाच्या कितीतरी आधीपासून आहेत. फावडं घेतलेले ते बाबाही त्याच गावांतले. गटार त्यांनी काढायचं आणि तळ्याचं दृश्य आपण विकत घ्यायचं, हे मला पचत नाही. तिथे घर घेणाऱ्या सोसायट्यांनी निदान पावसाळ्याआधीच्या सफाईचं काम पगार देऊन इथल्याच माणसांना द्यावं.

तक्रार एकच, फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटबद्दल. नाव लिहीत नाही. तीन वेळा विचारूनही त्याने बाल्कनी आणि सूर्यास्त यापलीकडे काही सांगितलं नाही. आम्ही त्याला तीन प्रश्न लेखी दिलेत: बांधाचा पावसाळ्यानंतरचा तपासणी अहवाल कोणाकडे मिळेल; घाटाची गटारं आणि मोऱ्या दर मेमध्ये कोण साफ करतं आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का; आणि कापलेल्या डोंगरावरून तळ्यात येणारा गाळ शेवटचा कधी काढला.

अजून उत्तर आलेलं नाही. भाच्याने टोकन दिलेलं नाही. येत्या मेमध्ये मी पुन्हा जाणार आहे, ते वळण आधी बघेन आणि बाबांसाठी चांगलं लांब दांड्याचं फावडं घेऊन जाईन.