दोघांत चालतं, तिसरा आला की काळोख: आमच्या फौंड्रीतलं जित्सी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कॉम्प्युटर, नेटवर्क, बायोमेट्रिक, सीसीटीव्ही आणि अधूनमधून मालकांच्या घरचा टीव्ही एवढं सगळं सांभाळतो. गेल्या वर्षी ऑडिटला आलेल्या गिऱ्हाईकाच्या माणसाने विचारलं, "आमची ड्रॉइंगं तुम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवता, तो कॉल कुणाच्या सर्व्हरवरून जातो?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

त्यातून जित्सी मीट हे व्हिडिओ मीटिंगचं सॉफ्टवेअर आलं. स्ट्रासबर्गच्या एका विद्यार्थ्याने २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २०१८ पासून एट बाय एट कंपनीकडे आहे. पण सोर्स खुला आहे, लायसन्सला पैसे नाहीत, आणि आपल्याच मशीनवर बसवता येतो. चार कोरचं, ८ जीबी रॅमचं एक जुनं डेस्कटॉप पडून होतं, त्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं. तासाभरात मीटिंग सुरू! मी आणि स्टोअरचा पोरगा, चित्र काचेसारखं. मालकांना दाखवायला तिसरा फोन जोडला आणि तिघांचेही चेहरे गायब.

दोन दिवस डोकं खाजवलं. दोघंच असताना कॉल थेट एकमेकांत जोडला जातो, सर्व्हरच्या व्हिडिओब्रिजला (चित्र-आवाज एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणारा भाग) हातही लागत नाही. तिसरा आला की सगळं ब्रिजवरून, यूडीपी १०००० या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या एका ठरावीक दारातून, जायला लागतं. तो पोर्ट फायरवॉलवर मीच उघडला नव्हता. म्हणून सांगतो, चाचणी कधी दोघांत करू नका.

आता सुरक्षेचं. ब्राउझर ते सर्व्हर सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात, असतं, पण ब्रिजवर ते उलगडतं. म्हणजे ब्रिज ज्याच्या ताब्यात, त्याला मनात आणलं तर दिसू शकतं. आमच्याकडे तो कंप्रेसरशेजारच्या कुलूपबंद खोलीत आहे, किल्ली माझ्याकडे. ऑडिटवाल्याला हेच उत्तर हवं होतं. 'एंड-टू-एंड', म्हणजे मधल्या सर्व्हरलाही उलगडता येऊ नये असं एन्क्रिप्शन, हा शब्द मी आता जपून वाचतो. आपले कॉल तसे असल्याच्या दाव्यावरून झूमला २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करावी लागली होती. जित्सीतही तशी सोय आहे, पण ती चालू केली की सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग विसरा.

नुसतं बसवलं म्हणजे झालं असं मात्र नाही. मूळ सेटिंगमध्ये पत्ता ठाऊक असलेला कुणीही खोली उघडू शकतो. प्रोसडीत (जित्सीसोबत बसणारा, कोण आत येतंय ते सांभाळणारा भाग) लॉगिन लावून घ्या, पाहुण्यांना लॉबीत, म्हणजे परवानगी मिळेपर्यंत बाहेर, थांबवा. खोलीला दिलेला पासवर्ड शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसला जातो, पुढच्या वेळी परत द्यायचा. आमच्या क्वालिटीवाल्या मॅडम याला वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे.

रेकॉर्डिंग हा खरा दुखरा भाग. त्यासाठीचं जिब्री मागच्या बाजूला चक्क एक क्रोम उघडून मीटिंगला बसतं आणि जे दिसेल ते टिपतं. एका वेळी एकच मीटिंग. दुसरी टिपायची तर दुसरं जिब्री. इतका खटाटोप मी केला नाही. मिनिट्स हाताने लिहितो.

बारा-पंधरा जणांची मीटिंग आमच्याकडे व्यवस्थित चालते, मात्र सगळ्यांनी कॅमेरे लावले की अपलोडचा घाम निघतो. ब्रिज चित्रं एकत्र करत नाही, प्रत्येकाचं प्रत्येकाकडे पाठवत बसतो. लाईन घेताना डाउनलोडच्या आकड्यावर भुलू नका.

लिनक्स जाणणारा माणूस घरात नसेल तर हे घेऊ नका, पैसे भरून कुणाची तरी सेवा घ्या. अपडेट कोण टाकणार? मी सुट्टीच्या दिवशी टाकतो. मालक मात्र अजूनही केबिनमधून हाक मारतात, "जरा झूम लाव रे."