आर्क 200 इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: अख्खा पावसाळा साईटवर वापरून झाल्यावरचा अनुभव (नवीन शिकणाऱ्यांसाठी)

मशीन आहे आर्क 200, सिंगल फेजवर चालणारं आयजीबीटीवालं (म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारं) इन्व्हर्टर, वजनाला एवढं हलकं की पट्टा खांद्याला लावून जिना चढता येतो. ठाण्यात वागळे इस्टेटला मामाचा ग्रिलचा गाळा आहे, तिथलं जुनं कॉपर वाइंडिंगचं ट्रान्सफॉर्मर मशीन दोन माणसांशिवाय हलत नाही आणि आमचं बरंचसं काम आता घोडबंदर रोडच्या बिल्डिंगांमधे असतं, बाल्कनीच्या ग्रिल, सेफ्टी डोअर, एसीचे स्टँड, म्हणून साईटसाठी हे घेतलं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या रेंजच्या कुठल्याही मशीनला लागू आहे: मशीन मस्त आहे, पण बॉक्समधे जे बाकीचं सामान येतं त्याच्यावर नवीन माणसाने शिकायला जाऊ नये.

आधी चांगलं सांगतो. आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) पटकन लागतो. हॉट स्टार्ट म्हणजे रॉड टेकवला की क्षणभर करंट आपोआप वाढतो, आणि अँटी-स्टिक म्हणजे रॉड चिकटलाच तर करंट पडतो, मग रॉड लाल होत नाही, हलवून सोडवता येतो. जुन्या मशीनवर शिकलेल्यांना विचारा यात केवढा फरक आहे ते. आम्ही जास्त करून 6013 (साध्या लोखंडाचा नेहमीचा) रॉड वापरतो, 2.5 एमएम म्हणजे दुकानात ज्याला बारा नंबर म्हणतात तो, आणि 3.15 म्हणजे दहा नंबर. 2.5 ला साधारण 60 ते 90 अँपिअर, 3.15 ला 90 ते 130. पण 18 गेजच्या चौकोनी पाईपची जाडी जेमतेम 1.2 एमएम असते, तिथे 90 ठेवलं की होल पडलंच समजा. तिथे करंट खाली, रॉडची केबल मशीनच्या मायनसला, आणि लांब बीड (वेल्डची सलग रेघ) ओढायच्या ऐवजी छोटे छोटे टाके मारत जायचं, मधे जागा थंड होऊ द्यायची. आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढीच ठेवा, लांब धरला की नुसता फटफट आवाज येतो, शिंतोडे उडतात आणि वेल्ड वरच बसतो, आत जात नाही.

आता वीज. 2.5 चा रॉड 80 वर चालवला तर घरातल्या 16 अँपिअरच्या पॉईंटवर काम होतं, 3.15 ला मात्र मशीन त्याच्या वर खेचतं आणि थोड्या वेळाने एमसीबी पडतो. डिस्प्लेवर 200 लिहिलंय म्हणून घरच्या लाईनवर 200 मिळणार नाही. आणि एक्स्टेंशन! अर्ध्या साईटवर 1.5 स्क्वेअर एमएमची लांबलचक वायर, तीही गुंडाळलेलीच, मग व्होल्टेज पडतं, वायर तापते आणि लोक मशीनला शिव्या घालतात. आम्ही 4 स्क्वेअरची बनवून घेतली आणि ती पूर्ण उलगडूनच वापरतो. बॉक्समधली वेल्डिंग केबलसुद्धा बारीक आणि आखूड, दुपारपर्यंत हाताला गरम लागायची, ती काढून 25 स्क्वेअरची तांब्याची केबल आणि चांगला होल्डर लावला तेव्हा आर्क एकदम स्थिर झाला. अर्थ क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) गंज किंवा रंगावर लावू नका, ग्राइंडरने जागा घासून चकचकीत करून मग लावा.

ड्यूटी सायकल 60 टक्के लिहिलं असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं आराम. कमी करंटला जास्त वेळ चालतं, त्यामुळे ग्रिलच्या कामात मधे टॅक (तात्पुरता टाका), माप, गुण्या हे सगळं धरून मशीन कधी ट्रिप झालं नाही, एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर सुद्धा.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचंय ते डोळ्यांचं. बॉक्समधे हातात धरायची प्लॅस्टिकची ढाल येते. एक हात तिच्यात अडकला की टॅक मारताना पाईप धरणार कशाने, मग पोरं ढाल बाजूला ठेवतात आणि डोळे मिटून टाका मारतात. हे करू नका हो. पापणी मिटून भागत नाही, आर्कच्या अल्ट्राव्हायोलेटने चेहऱ्याची कातडी पण भाजते. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका रात्री, डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. मग बटाट्याच्या चकत्या, दुधाचे थेंब, कुणीतरी दिलेले बधिर करणारे ड्रॉप्स असं सगळं सुरू होतं. त्या ड्रॉप्सनी जखम भरायला उलट उशीर लागतो, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ऑटो डार्क हेल्मेट (आर्क लागला की काच आपोआप काळी होणारं) दीड-दोन हजारात येतं, शेड म्हणजे काचेच्या काळेपणाची 9 ते 13 अशी सेटिंग असते, आपल्या रॉडच्या कामाला 10 किंवा 11 ठेवायची. मी रोज घालायच्या आधी हातात धरून उन्हाकडे फिरवतो, काच काळी झाली तरच डोक्यावर. आणि शेजारी पाईप धरणाऱ्या हेल्परला पण हेल्मेट पाहिजे, त्याचे डोळे काही वेगळे नाहीत.

जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाईपचा पांढरा धूर म्हणजे जस्ताचा. जस्त 907 डिग्रीला उकळतं, लोखंड वितळायला साधारण 1500 लागतात, म्हणजे वेल्ड बसायच्या आधीच जस्त हवेत गेलेलं असतं. संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो तो त्याचाच. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हा धूर अडत नाही, जॉईंटच्या दोन्ही बाजूंनी कोटिंग घासून काढा, वारा बाजूने येईल असं बसा, एन95 तरी लावा. 2017 मधे आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) वेल्डिंगचा धूर कॅन्सरकारक गटात टाकलाय, साधं 6013 पण त्यातच आलं.

पावसाळ्यात आम्ही उघड्यावरचं काम बंदच ठेवतो, गिऱ्हाईक कितीही फोन करो. मशीन चालू पण वेल्डिंग बंद असताना होल्डरवर 60 ते 80 व्होल्ट असतात, कोरड्या हाताला सहसा फारसे जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेल्या ग्लोव्हजमधून आणि ओल्या लोखंडावर बसून ते जीव घेऊ शकतात. व्हीआरडीवालं (वेल्डिंग थांबलं की होल्डरवरचं व्होल्टेज आपोआप कमी करणारं) मशीन मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या. रॉडचं फुटलेलं पाकीट दमट हवेत राहिलं की वेल्डमधे बारीक भोकं दिसायला लागतात, आम्ही झाकणाच्या डब्यात ठेवतो. कपडे सुती, फुल बाह्यांचे, पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. ठिणग्या दहा मीटरपर्यंत सहज जातात, त्यामुळे बाल्कनीत काम असलं की खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे आधी काढायला सांगतो आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी एक जण तिथेच थांबतो.

मशीनची तक्रार एकच, पंखा आता आवाज करतोय. ग्राइंडरचा लोखंडी चुरा आत ओढला जातो आणि तो बोर्डवर बसला की शॉर्ट होऊ शकतो, म्हणून मशीन ग्राइंडरपासून लांब ठेवतो आणि अधूनमधून प्लग काढून, थोडा वेळ थांबून बाहेरूनच ब्लोअर मारतो. कव्हर मात्र उघडत नाही, आतल्या कपॅसिटरमधे चार्ज राहतो. पंखा मेकॅनिककडूनच बदलून घेणार आहे.