फ्लाइंग ब्लू: हॅम्बर्ग ते सांगली, वीस महिने आणि एक गोल्ड कार्ड

मी हॅम्बर्गला राहते, आई-बाबा सांगलीला. हॅम्बर्गहून भारताला थेट विमान नाही, त्यामुळे वाटेत कुठेतरी विमान बदलावंच लागतं. वर्षातून दोनदा घरी जाणं होतं, एखाद्या वर्षी तीनदा. शिवाय कामासाठी दर दोनेक महिन्यांनी फ्रान्समध्ये टुलूजला जावं लागतं. विमानाच्या केबिनमध्ये बसणारे भाग तपासणं हे माझं काम, आणि ते जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सही करता येत नाही. टुलूजचं तिकीट ऑफिस काढतं, मिळेल ते सर्वांत स्वस्त. घरचं तिकीट माझ्या पगारातून, तेही इकॉनॉमीचं. हे आधी सांगून टाकते, कारण फ्लाइंग ब्लू या विमानप्रवाशांसाठीच्या योजनेबद्दल मी लिहिते आहे ते अशाच प्रवाशाच्या नजरेतून. ज्यांचं बिझनेस क्लासचं भाडं कंपनी भरते त्यांचा हिशोब वेगळा.

आधी माझ्याकडे दुसऱ्या एका विमान कंपनीचं कार्ड होतं, नेहमी उडणाऱ्यांना छोटी रांग, लाउंज अशा सवलती देणारं. नाव घेत नाही. बरीच वर्षं मी त्याच कंपनीने गेले, थोडं जास्त भाडं देऊनही गेले. मग नियम बदलले. किती उडालात याऐवजी किती पैसे खर्च केलेत हे मोजायचं ठरलं आणि पुढच्याच वर्षी माझा दर्जा, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांमधली माझी पायरी, गेला. प्रवास तेवढेच, विमानंही तीच. त्या ई-मेलचं मला खरंच वाईट वाटलं. आजीच्या शेवटच्या आजारपणात मी एका वर्षात चारदा सांगलीला गेले होते, आणि त्या चार फेऱ्यांची नोंद कुठेतरी आहे असं मनाशी धरून होते.

नवीन कार्ड शोधायला लागले ते 2023 च्या सप्टेंबरमध्ये. नेमकं तेव्हाच अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीने जाहीर केलं होतं की 2024 पासून त्यांचा दर्जा फक्त खर्चावर मिळेल. सर्वांत खालच्या सिल्व्हरसाठी 6,000 आणि सर्वांत वरच्या डायमंडसाठी 35,000 डॉलरच्या हिशोबाची अट. लोक इतके चिडले की महिन्याभरात आकडे 5,000 आणि 28,000 वर आणावे लागले. आपण जरा जास्तच पुढे गेलो, अशी कबुली खुद्द कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांनी दिली. आकडे खाली आले तरी पैसे मोजायची पद्धत काही बदलली नाही.

डॅलसला माझा मावसभाऊ असतो. त्याचं म्हणणं, एवढा विचार कशाला करतेस? तिकडे अमेरिकन एअरलाइन्सने 2022 च्या मार्चपासून लॉयल्टी पॉइंट आणले. क्रेडिट कार्डावरचा खर्चही त्यात धरतात, आणि 40,000 पॉइंट झाले की गोल्ड. किराणा, पेट्रोल, मुलांची फी, सगळं त्या कार्डावर. तो वर्षाकाठी फार तर चार वेळा विमानात बसतो आणि तरी त्याचा दर्जा माझ्यापेक्षा वर. त्याच्याबद्दल तक्रार नाही, नियमात बसतं ते तो करतो. पण याच अमेरिकन एअरलाइन्सने 1981 च्या मे महिन्यात प्रवाशांसाठीची आपली योजना सुरू केली तेव्हा मैल म्हणजे खरोखर उडालेलं अंतर होतं, हे विसरता येत नाही.

शेवटी फ्लाइंग ब्लू घेतलं. एअर फ्रान्स आणि नेदरलँड्सची केएलएम यांची ही एकत्र योजना. माझ्या दोन्ही वाटा त्यांच्याकडून जातात: हॅम्बर्ग–ॲमस्टरडॅम–मुंबई आणि हॅम्बर्ग–ॲमस्टरडॅम–टुलूज. पण मी ठरवलं ते मोजण्याच्या पद्धतीवरून.

इथे दोन वेगळे काउंटर आहेत आणि सुरुवातीला माझा त्यातच गोंधळ झाला. मैल मिळतात ते पैशांवर. नवख्याला एका युरोला 4, सिल्व्हरला 6, गोल्डला 7. हे मैल तिकिटासाठी वापरायचे. दर्जा मात्र ठरतो एक्सपी नावाच्या गुणांवर, आणि एक्सपी मिळतात प्रत्येक उड्डाणाला, अंतर आणि वर्ग बघून. इकॉनॉमीत फ्रान्समधल्या फ्रान्समध्ये गेलात तर 2, युरोपातल्या मधल्या टप्प्याला 5, आणि ॲमस्टरडॅम–मुंबईसारख्या साडेतीन ते पाच हजार मैलांच्या टप्प्याला 10. प्रीमियमला दुप्पट, बिझनेसला तिप्पट. तिकीट अडीचशे युरोचं की नऊशेचं, याच्याशी एक्सपीचा संबंध नाही. स्वस्तातल्या लाइट तिकिटावरही तेवढेच मिळतात. माझ्यासारखीने ही योजना घ्यावी असं मी म्हणते ते याच एका कारणासाठी.

सिल्व्हरला 100 एक्सपी, तिथून गोल्डला 180, तिथून प्लॅटिनमला 300. मुदत बारा महिन्यांची, पण ती जानेवारीपासून धरत नाहीत, प्रत्येकाची स्वतःची असते. दर्जा मिळाला की तेवढे एक्सपी वजा होतात, उरलेले पुढे जातात आणि नवे बारा महिने सुरू होतात.

माझा हिशोब सविस्तर देते, कारण मला सुरुवातीला असा खरा हिशोब कुठे मिळाला नव्हता. नोव्हेंबर 2023, दिवाळीला घरी: जाताना 5 आणि 10, येताना 10 आणि 5, म्हणजे 30. डिसेंबरात टुलूज. या वेळी ऑफिसने पॅरिसमार्गे तिकीट काढलं. हॅम्बर्ग–पॅरिस 5, पण पॅरिस–टुलूज देशांतर्गत, म्हणून 2. येऊन-जाऊन 14. फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅममार्गे गेले, तेव्हा दोन्ही टप्पे आंतरराष्ट्रीय, प्रत्येकी 5, म्हणजे दर खेपेला 20. एकूण 84. मग मे 2024 मध्ये घरी निघाले. ॲमस्टरडॅमला 89. सांगलीत पोचून दोन दिवसांनी सोप्यात बसून अ‍ॅप उघडलं तर आकडा 99.

एक कमी. डिसेंबरातलं तिकीट पॅरिसऐवजी ॲमस्टरडॅमवरून असतं तर सिल्व्हर सांगलीतच झालं असतं. तोच दिवस, तेच गाव आणि भाड्यात चहा-नाश्त्याएवढा फरक. तेव्हापासून ऑफिसात तिकिटं काढणाऱ्या बाईंना मी आधीच सांगून ठेवते: भाडं सारखं असेल तर ॲमस्टरडॅम. परतीच्या प्रवासात मुंबईहून ॲमस्टरडॅमला उतरले तेव्हा 109 झाले, सिल्व्हर मिळालं, 9 उरले, आणि हॅम्बर्गच्या टप्प्याचे 5 मिळून नव्या वर्षाची सुरुवात 14 ने झाली.

सिल्व्हरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चेक-इनची छोटी रांग, विमानात आधी प्रवेश. बरं वाटतं, तेवढंच.

गोल्डसाठी पुढचे दहा महिने गेले. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये टुलूज, दिवाळीला घर. आणि जानेवारी 2025 मध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अचानक जावं लागलं. त्या तिकिटाला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडले. माझ्या मनात त्या वेळी एक विचार आला, तो लिहून ठेवते. पैसे मोजणाऱ्या योजनेत या महागड्या तिकिटाचे मला दुप्पट पॉइंट मिळाले असते, आणि चार महिने आधी विचार करून काढलेल्या दिवाळीच्या तिकिटाचे निम्मे. प्रवास एकच, खुर्ची एकच. इथे दोन्हीचे 30 मिळाले. मला हेच न्याय्य वाटतं. एप्रिल 2025 मध्ये टुलूजला उतरले तेव्हा 184 झाले आणि गोल्ड मिळालं.

याच काळात लंडनच्या मैत्रिणीचे फोन यायला लागले. ब्रिटिश एअरवेजने 30 डिसेंबर 2024 रोजी बदल जाहीर केले आणि 1 एप्रिल 2025 पासून ते लागू झाले. आता एका पौंडाला एक टियर पॉइंट, म्हणजे दर्जा ठरवणारा गुण. सिल्व्हरसाठी आधी 600 लागायचे, आता 7,500. गोल्डला 1,500 होते ते 20,000. शिवाय सरकारी कर आणि विमानतळाचे आकार त्यात धरत नाहीत, फक्त मूळ भाडं आणि कंपनीचे स्वतःचे आकार.

मी तिच्याबरोबर बसून गणित केलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती नीट सांगायला हवी. सर्वांत स्वस्त इकॉनॉमीवाल्याला जुनी पद्धतही उदार नव्हती. लंडन–मुंबई एका बाजूला 20 पॉइंट, येऊन-जाऊन 40, म्हणजे सिल्व्हरला पंधरा फेऱ्या. खरा फटका बसला तो पदरचे पैसे साठवून, सेलची वाट बघून बिझनेसचं तिकीट काढणाऱ्यांना. एका बाजूला 140, येऊन-जाऊन 280. वर्षात अशा दोन फेऱ्या आणि युरोपात एक छोटा बिझनेसचा टप्पा 40 पॉइंटांचा, की 600 पूर्ण. मैत्रीण आईच्या गुडघ्यांसाठी असं तिकीट काढायची आणि स्वतःही सोबत यायची. आता सेलच्या तिकिटात मोजण्याजोगे पंधराशे पौंड धरले तरी दोन फेऱ्यांचे 3,000 होतात. 7,500 कुठे आणि हे कुठे! तिने तो नाद सोडला. आता ज्या कंपनीचं भाडं आणि वेळ बरी वाटेल तिने जाते, आणि मला वाटतं तेच शहाणपणाचं आहे.

आता गोल्डचा अनुभव. गोल्ड म्हणजे स्कायटीम या विमान कंपन्यांच्या गटाचं एलिट प्लस. इकॉनॉमीच्या तिकिटावर लाउंज, सोबत एक पाहुणा, स्कायप्रायॉरिटीची छोटी रांग आणि एक जादा बॅग. टुलूजच्या खेपांना ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरच्या केएलएमच्या लाउंजमध्ये दीड तास शांतपणे अहवाल लिहिता येतो, पोटभर खाता येतं. पण मला हे कार्ड हवं होतं ते आई-बाबांसाठी. ते दोघं पहिल्यांदाच जर्मनीला येणार होते. मी मे महिन्यात त्यांना आणायला गेले.

मुंबईला टर्मिनल दोनवर तिघांचं एकच बुकिंग असल्यामुळे तिघांनाही छोट्या रांगेत घेतलं. रात्रीचं विमान, सांगलीहून दिवसभराचा गाडीतला प्रवास, बाबांचे पाय सुजलेले. त्या रांगेची किंमत मला तेव्हा कळली. जादा बॅगेत तासगावचे बेदाणे, घरची हळद, काळा मसाला, आणि आईने शिवलेली गोधडी. तेवीस किलो बरोबर भरले.

आणि मग लाउंजच्या दारात आम्ही थांबलो. पाहुणा एकच. आई आणि बाबा, दोघांतून एक.

नियम मला माहीत होता. तरी मी तो कागदावरच वाचला होता, डोळ्यांसमोर आणला नव्हता. बाबा लगेच म्हणाले, "तुम्ही दोघी जा आत, मी बसतो इथं." आई म्हणाली, "ह्यांना एकट्याला सोडून मी नाही जायची. तू जा, तुला रात्रभर जागायचंय." शेवटी कोणीच गेलं नाही. गेटजवळ तीन खुर्च्या मिळाल्या. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचं लोणचं काढलं, आणि आम्ही तिथेच जेवलो. ज्यांना दोन्ही पालकांना घेऊन यायचं आहे त्यांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. घरात दोघांकडे गोल्ड असेल तरच हे जमतं, आणि एक्सपी एकमेकांना देता येत नाहीत. फ्लाइंग ब्लूच्या कुटुंब खात्यात आठ जणांचे मैल एकत्र होतात, एक्सपी ज्याचे त्याच्याकडेच राहतात.

आणखी एक. बाबांना स्किपोलवर इतकं चालणं झेपलं नसतं, म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती. ती मिळाली, विनामूल्य मिळाली, आणि तिला कोणतंही कार्ड लागत नाही. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत कायद्यानेच द्यावी लागते. आई-बाबा एकटे येत असतील तर कार्डाच्या आधी या मदतीचा विचार करा आणि प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी ती नोंदवा.

योजनेतलं जे आवडलं नाही तेही सांगते. तिकिटासाठी लागणारे मैल दिवसागणिक बदलतात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईसाठी इतके मागतात की मैल तसेच पडून राहतात. मी माझे एकदाच वापरले, भर थंडीत एका मैत्रिणीला भेटायला लिस्बनला गेले तेव्हा. आणि मैल देऊन काढलेल्या तिकिटावर एक्सपी मिळत नाहीत. गोल्ड टिकवायला पुढच्या बारा महिन्यांत पुन्हा पूर्ण 180 लागतात. नाही जमले तर एक पायरी खाली, सिल्व्हर. ऑफिसने टुलूजच्या फेऱ्या कमी केल्या तर नुसत्या घरच्या फेऱ्यांवर माझं गोल्ड राहणार नाही. दोन फेऱ्यांचे 60, तीनचे 90. वर्षातून फक्त दोनदा घरी जाणाऱ्याने या कार्डासाठी जादा भाडं देऊ नये. वाटेत विमान बदलून जात असाल आणि कामाचाही थोडाफार प्रवास असेल तर घ्या.

आज जुलै 2025. काउंटरवर 44 आहेत: एप्रिलच्या खेपेतले उरलेले 14 आणि आई-बाबांना आणायला गेले त्याचे 30. ऑगस्टमध्ये व्हिसाचे नव्वद दिवस संपायच्या आत त्यांना सोडायला जायचं आहे, म्हणजे आणखी 30. या वेळी स्किपोलवर थांबायला तीन तास आहेत. आत कोणी जायचं ते अजून ठरलेलं नाही. बाबांनी मात्र सांगून ठेवलं आहे की येताना पाहिलेली ती धावपट्टीसमोरची काच त्यांना पुन्हा हवी आहे, खुर्ची कुठलीही चालेल.