डेन्व्हरहून स्कीइंग: मोठं रिसॉर्ट, हंगामी पास की छोटी टेकडी?

दिवाळी उरकली की आमच्या डेन्व्हरच्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. नाताळच्या सुट्टीत कोणाचा भाऊ पुण्याहून येणार असतो, कोणाची बहीण न्यू जर्सीहून, आणि सगळ्यांच्या मुलांना बर्फावर घसरायचं असतं. मग इथल्या व्हेल नावाच्या मोठ्या स्की रिसॉर्टबद्दल फोन येतो, "व्हेलला न्यायचं का गं? परवडेल ना?" गेल्या काही वर्षांत माझं उत्तर बरंच बदललं आहे. ते का बदललं, हे आकड्यांसकट सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. आदल्या रात्री ठरलं, सकाळी निघालो आणि एका मोठ्या रिसॉर्टच्या तिकीट खिडकीसमोर रांगेत उभे राहिलो. मोठ्यांची तिकिटं, चौघांच्या भाड्याच्या स्की आणि बूट, मुलांचा शिकवणीचा वर्ग असं मिळून बिल सोळाशे डॉलरच्या वर गेलं. जाऊबाईंनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. सव्वा लाखाच्या पुढे. त्यात धाकट्याचे बूट पोटऱ्यांना इतके काचत होते की अकरा वाजताच तो रडायला लागला. दीर दिवसभर नवशिक्यांच्या सरकत्या पट्ट्यावरून वर जायचे आणि पन्नास पावलं खाली घसरायचे. हजारो एकरांच्या डोंगराचे पैसे भरले आणि वापरला अंगणाएवढा तुकडा. ही चूक आमचीच होती. पण ती जवळपास प्रत्येक नवखं कुटुंब करतं, म्हणून आधी या खिडकीवरच्या भावाबद्दल बोलते.

व्हेलचा डोंगर 15 डिसेंबर 1962 ला उघडला तेव्हा दिवसाचं तिकीट 5 डॉलर होतं. महागाई धरली तर आजचे साधारण 50 डॉलर. 2024-25 च्या हंगामात गर्दीच्या दिवशी तिथलं खिडकीवरचं तिकीट 329 डॉलरला होतं आणि 2025-26 मध्ये आकडा साडेतीनशेच्या पुढे गेला. हे एका माणसाचं, एका दिवसाचं. स्की, बूट, जेवण, पार्किंग सगळं वेगळं. खाजगी शिक्षक हवा असेल तर दिवसाचे हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात.

यातला काही खर्च खरोखरच वाढलेला आहे. कृत्रिम बर्फ तयार करण्याची यंत्रणा, डोंगरावर वर नेणाऱ्या वेगवान लिफ्ट, वीज, विमा, डोंगरावरच्या गावांतली घरभाडी, हे सगळंच महागलं आहे. पण एवढ्यावरून 50 चे 350 होत नाहीत. खरी गोम पासमध्ये आहे. व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने 2008 मध्ये एपिक पास काढला, म्हणजे एकदाच पैसे भरून हंगामभर त्यांच्या डोंगरांवर जायचा पास, 579 डॉलरला, आणि धंद्याची घडीच बदलली. पास वसंतात आणि उन्हाळ्यात विकायचे, म्हणजे बर्फ पडो न पडो, पैसे आधीच जमा. लोकांनी आधी पैसे भरावेत म्हणून ऐनवेळचं तिकीट मुद्दाम चढं ठेवायचं. आज त्या कंपनीच्या डोंगरांवर येणाऱ्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोक आधीच पैसे भरून आलेले असतात. थोडक्यात, 350 डॉलर हा नेहमी येणाऱ्याचा भाव नाही. तो उशिरा ठरवणाऱ्याला आणि पहिल्यांदा येणाऱ्याला बसणारा भुर्दंड आहे.

मला हे मनापासून खटकतं. जो वर्षाला तीस दिवस स्की करतो त्याला दिवस तीस-पस्तीस डॉलरला पडतो आणि जो आयुष्यात पहिल्यांदा बर्फाला पाय लावतोय त्याच्याकडून दहापट घ्यायचे. शिवाय हा पैसा डोंगरावर राबणाऱ्यांपर्यंत आपोआप पोचतो असंही नाही. युटामधल्या याच कंपनीच्या पार्क सिटीत स्की पेट्रोलच्या, म्हणजे हिमस्खलनाचा धोका काढणाऱ्या आणि जखमींना खाली आणणाऱ्या लोकांनी 27 डिसेंबर 2024 पासून 8 जानेवारी 2025 पर्यंत संप केला. सुरुवातीचा पगार तासाला 21 डॉलरचा 23 करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. ऐन सुट्टीत बऱ्याच लिफ्ट बंद राहिल्या, तासन् तास रांगा लागल्या, आणि शेवटी मागणी मान्य झाली. दोन डॉलरसाठी हे सगळं.

म्हणून पहिला सल्ला: खिडकीवर तिकीट काढूच नका. यापुढची तुलना उरलेल्या पर्यायांची आहे.

पास घ्यायचा तर

2025-26 साठी पूर्ण एपिक पास विक्रीला आला तेव्हा 1,051 डॉलरला होता, त्याचा स्वस्त प्रकार एपिक लोकल 783 ला. प्रतिस्पर्धी कंपनीचा आयकॉन पास 1,329, त्याचा स्वस्त बेस प्रकार 909. भाव हंगाम जवळ येईल तसे चढतात. आपल्यासारख्या नोकरीवाल्या कुटुंबाला लोकल किंवा बेस पुरतो. सुट्ट्यांच्या काही दिवशी काही डोंगरांवर हे पास चालत नाहीत, आणि नाताळात त्या डोंगरांवर न गेलेलंच बरं.

हिशेब दिवसांवर ठरतो. 783 डॉलरच्या पासवर चार दिवस गेलात तर दिवस जवळजवळ 196 ला पडला. दहा दिवस गेलात तर 78 ला. आता स्वतःशी खरं बोला. लहान मुलं, शनिवारची मराठी शाळा, एखादा ताप-खोकला, मंडळाची संक्रांत, हे सगळं धरून हंगामात किती शनिवार-रविवार मिळतात? आमच्या घरी पहिल्या वर्षी आम्ही बारा धरले होते, झाले पाच. सहाच्या खाली येत असाल तर हंगामी पास घेऊ नका. त्याऐवजी एक ते सात दिवसांचे एपिक डे पास मिळतात. खिडकीवरच्या निम्म्याहून कमी किमतीत दिवस पडतो, पण ही विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. आमच्याकडे पाहुण्यांचं विमानाचं तिकीट पक्कं होतं त्या दिवशीच मी हे पास काढायला सांगते.

एपिक की आयकॉन? डेन्व्हरहून बघाल तर एपिकवर कीस्टोन, ब्रेकेनरिज, व्हेल, बीव्हर क्रीक. आयकॉनवर विंटर पार्क, कॉपर, एल्डोरा, अरापाहो बेसिन आणि दूरवरचं स्टीमबोट. प्राथमिक शाळेत जाणारी मुलं असतील तर माझं मत एपिककडे झुकतं, कारण कोलोरॅडोतल्या पाचवीपर्यंतच्या मुलांना एपिक स्कूलकिड्स योजनेत ठराविक दिवस फुकट मिळतात. नोंदणी मात्र बर्फ पडायच्या आधी संपते आणि दरवर्षी दोन-चार घरं त्यात चुकतात. आणखी एक, कीस्टोनला त्यांच्याच निवासात दोन रात्री राहिलात तर 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना लिफ्टचे पैसे पडत नाहीत. पाहुण्यांसोबत राहायचंच असेल तर हे नीट बघा.

आयकॉनच्या बाजूने माझ्या लेखी सर्वात मोठा मुद्दा आहे विंटर पार्कची रेल्वे. डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून सकाळी गाडी सुटते, सहा मैलांच्या मॉफॅट बोगद्यातून जाते आणि बाहेर पडते ती थेट लिफ्टच्या पायथ्याशी. भाडं 2024-25 च्या हंगामात एका बाजूला 19 डॉलरपासून होतं. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. डब्यातल्या गुळपोळ्या, खिडकीतून दिसणारं बर्फ, आणि परतीच्या वेळी महामार्गावरच्या वाहतुकीत तीन तास अडकणं नाही. त्यांना स्की करायचीच नव्हती, तरी त्यांचा दिवस आमच्यापेक्षा छान गेला. विंटर पार्कचं आणखी एक वेगळेपण असं की त्याची मालकी डेन्व्हर शहराकडे आहे. चालवते मात्र आयकॉन पास काढणारी कंपनीच.

मोठ्या डोंगरांची बाजू घ्यायची तर उतारांची विविधता दुसरीकडे मिळत नाही. चांगलं येत असेल, वळणं जमत असतील, तर व्हेलच्या मागच्या बाजूचे उघडे खोलगट उतार पाहून भान हरपतं. त्यासाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही. पण जमत असेल तरच. आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला ब्रेकेनरिजला थेट नेऊ नका, उंचीचा त्रास होऊ शकतो. गावच 9,600 फुटांवर आहे, सर्वात वरची लिफ्ट 12,840 फुटांवर सोडते. आधी दोन-तीन दिवस डेन्व्हरला राहू द्या, पाणी भरपूर पाजा.

छोट्या टेकड्या, ज्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही

मला खरं लिहायचं होतं ते हे. डेन्व्हरपासून 53 मैलांवर, आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी, लव्हलँड आहे. बोगदा त्याच्या पोटाखालूनच जातो. आपण दरवेळी त्याच्या शेजारून गाडी दामटत पुढच्या मोठ्या नावांकडे जातो. स्वतंत्र मालकी, गाडी लावायला पैसे नाहीत, तिकीट व्हेलच्या खिडकीवरच्या निम्म्याहूनही खाली, आणि हंगामाआधी चार दिवसांचा संच घेतला तर आणखी स्वस्त. नवशिक्यांसाठी लव्हलँड व्हॅली हा वेगळाच भाग आहे. तिथे वरून सुसाट येणारा कोणी तुमच्या मुलाला घासून जात नाही. तीन धडे पूर्ण केले की हंगामाचा पास हातात देणारी त्यांची एक योजना आहे. नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसासाठी याहून चांगला सौदा मला या राज्यात माहीत नाही.

डोंगरावर छोट्या उबदार झोपड्या आहेत, तिथे आपला डबा उघडून बसता येतं. मागच्या डिसेंबरात दीर-जाऊबाई परत आले तेव्हा आम्ही इथेच गेलो. धाकट्याला शिक्षिकेने "पिझ्झा कर, पिझ्झा" म्हणत स्कीची टोकं जवळ आणून थांबायला शिकवलं. दुपारी झोपडीत थालीपीठ खाताना तो ताटलीवरही दोन चमचे तसेच तिरके लावून दाखवत होता.

उणिवाही सांगते. वारा फार. खंडविभाजक रेषेवर, म्हणजे डोंगररांगेच्या उंच कण्यावर असल्यामुळे काही दिवशी वरच्या खुर्च्यांच्या लिफ्ट वाऱ्याने बंद पडतात. पायथाच साडेदहा हजार फुटांच्या वर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास इथेही होऊ शकतो. लिफ्ट काही जुन्या, संथ. खाली गाव नाही, दुकानं नाहीत, संध्याकाळी फिरायला काही नाही. ज्या पाहुण्यांना बर्फाळ गावातल्या दिव्यांखाली फोटो काढायचे आहेत, त्यांना दुपारनंतर वाटेतल्या जॉर्जटाउन गावात घेऊन जा.

थोडं लांब जायची तयारी असेल तर लेडव्हिलजवळचं स्की कूपर. दुसऱ्या महायुद्धात डोंगरी युद्धाचं शिक्षण घेणाऱ्या 10 व्या माउंटन डिव्हिजनच्या जवानांसाठी ते तयार झालं आणि आज लेक काउंटीच्या मालकीचं आहे. उतार सौम्य, सगळं बर्फ नैसर्गिक, गर्दी बेताची. स्टीमबोट गावातला हॉवेल्सन हिल तर नगरपालिकेचा. 1915 पासून अखंड चालू आहे, आणि हंगामात रविवारी लिफ्ट फुकट असते. स्टीमबोटच्या मोठ्या डोंगरासाठी गेलात तरी एक रविवार इथे काढा. लोकांच्या मालकीचा डोंगर कसा चालतो ते दिसतं, गावातली पोरं शाळेच्या मैदानावर यावीत तशी येतात.

युरोपबद्दल एवढंच. न्यू जर्सी-बॉस्टनच्या मंडळींनी आठवडाभराची सुट्टी काढायचं ठरवलं तर हिशेब करून बघावा. इटलीतल्या डोलोमिटी सुपरस्कीचा एका दिवसाचा गर्दीच्या काळातला पास 2024-25 मध्ये 83 युरोला होता आणि त्यात 1,200 किलोमीटरच्या वाटा येतात. फरक असा की तिथे आखलेल्या वाटेबाहेरचा डोंगर तुमच्या जबाबदारीवर असतो, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा काढूनच जावं लागतं. डेन्व्हरहून मात्र विमानभाड्यात सगळी बचत जाते.

मग मी काय सांगते

घरात एकही जण थोडंसुद्धा शिकलेला नसेल तर पहिले दोन हंगाम लव्हलँड व्हॅली किंवा कूपर, दुसरा विचार नको. मुलांच्या स्की आणि बूट रोज भाड्याने घेऊ नका. डेन्व्हरच्या दुकानांत पूर्ण हंगामासाठी दीड-दोनशे डॉलरपर्यंत मिळतात, आणि बूट ऑक्टोबरमध्ये सावकाश बसून मापाने निवडता येतात. पोटऱ्या काचण्याचा प्रश्न तिथेच सुटतो. वर्षात सहा-सात दिवस नक्की जाणार असाल आणि निळ्या खुणेच्या, म्हणजे मध्यम अवघड वाटा जमत असतील तर लोकल किंवा बेस पास, तोही वसंतातच. पाहुणे दोन दिवसांसाठीच आहेत आणि त्यांना मोठं नावच बघायचं आहे, तर आधी घेतलेले डे पास, आणि शक्यतो मंगळवार-बुधवार.

यातल्या बहुतेक ठिकाणी गाडीने आय-70 महामार्गावरूनच जावं लागेल. मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे बर्फात पकड धरणाऱ्या टायरांचा नियम लागू असतो. भाड्याची गाडी ताब्यात घेताना टायर स्वतः वाकून बघा, खाचा झिजलेल्या असतील तर तिथेच दुसरी गाडी मागा, आणि शनिवारी सकाळी सहाच्या आत घर सोडा.