साडेचारशे तासांनंतर: ५० सीसीची चेनसॉ आणि माझे हात

चेनसॉ घेताना बहुतेक जण आधी सीसी आणि बारची, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या पट्टीची, लांबी विचारतात. मीही तेवढंच विचारून घेतलं असतं. पण त्याआधीच्या थंडीत सकाळी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक पडायला लागली होती. शर्टाचं बटण लावताना ते बोटात आहे की नाही, हे बघून ठरवावं लागायचं. डॉक्टरांनी कारण सांगितलं: वर्षानुवर्षं हँडलमधून हातात जाणारी कंपनं. नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि एका मर्यादेपलीकडे गेलेली संवेदना परत येत नाही. म्हणून या वेळी माहितीपत्रकाचं शेवटचं पान आधी उघडलं, कारण कंपनांचे आकडे तिथे असतात.

आता या मशीनला आठ महिने झाले. काम जंगलातलंच: मध्यम जाडीची झाडं पाडायची, फांद्या साफ करायच्या, ओंडके मापाने तोडायचे. बार १८ इंची, चेन .३२५ पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप), बार-चेन सोडून वजन पाच किलोच्या जरा आत. ट्रिगर दाबून मशीन चालवल्याचा वेळ मी रोज वहीत लिहितो, तो साडेचारशे तासांच्या वर गेला आहे.

आधी कंपनांचंच सांगतो. ती मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात देतात. माझ्या जुन्या मशीनचा आकडा ७ च्या आसपास होता, याचा दोन्ही हँडलांना ३.५ आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसावर सरासरी काढून २.५ च्या वर गेलं की मालकाने उपाय करायलाच हवेत, आणि ५ च्या वर जायचंच नाही. यातली मेख अशी की कंपन दुप्पट झालं की वेळ निम्मा नाही, चौथाई होतो. ३.५ च्या मशीनवर २.५ ची पातळी गाठायला चार तास लागतात, ७ च्या मशीनवर एकच तास. माझा ट्रिगरचा वेळ दिवसाला सरासरी तीन तास. म्हणजे जुन्या मशीनवर मी रोज ४.३ ला पोचत होतो आणि याच्यावर २.१ ला थांबतो. बोटं पूर्ण बरी झालेली नाहीत, होणारही नाहीत. पण या थंडीत पांढरी पडली ती तीनदाच, आणि बटण न बघता लागतं.

हा ३.५ चा आकडा मात्र धारदार चेनचा आहे, हे पहिल्याच महिन्यात कळलं. चेन बोथट झाली की आपण नकळत मशीन दाबतो, दाबलं की ते थरथरतं, आणि ती थरथर थेट मनगटात जाते. धार गेल्याची खूण खाली पडते: चांगली चेन लाकडाचे चपटे कपचे उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा काढते. पीठ दिसलं की मी थांबतो. मातीला चेन लागली असेल, तर पीठ दिसायचीही वाट बघत नाही.

धार मी पेट्रोलच्या दर दोन टाक्यांनंतर लावतो. बुंध्यावर छोटी खाच पाडून त्यात बार पक्का बसवायचा, चेन जागीच अडवणारा चेन ब्रेक लावायचा, पहिल्या दातावर मार्करची खूण करायची. या चेनला ४.८ मिलीमीटरची गोल कानस लागते, कोन ३० अंशांचा. कानस आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलून आणायची. घासत आणली तर कानसही जाते आणि धारही. दात उजेडात धरून बघितला की बोथट कडेवर पांढरी रेघ चमकते. दोन घाव, तीन घाव, आणि ती रेघ नाहीशी होते. खरी धार उजेड परत देत नाही. सगळ्यात आखूड झालेला दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणायचे, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा ०.६५ मिलीमीटर खाली ठेवायचा. दात किती खोल खाणार, ते तो उंचवटा ठरवतो. घाईत तो जास्त घासला तर मशीन लाकडात उड्या मारायला लागतं, आणि त्या उड्या पुन्हा हातातच येतात.

या दाताबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. आधीच्या चेनना करवतीसारखे ओरबाडणारे दात असायचे. १९४६ मध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका बुंध्यात किड्याची अळी लाकूड खाताना बघितली. ती जबड्याने डावीकडे-उजवीकडे कातरत पुढे जात होती. त्यावरून त्याने आळीपाळीने डाव्या-उजव्या वाकड्या दातांची चेन बनवली. मी कानस मारतो तो दात त्याच घराण्यातला आहे, आणि डावे दात संपवून उजव्यांकडे वळताना मला ती अळी दरवेळी आठवते.

इंधन ५०:१, पाच लिटर पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल. अर्ध्या लिटरची टाकी पाऊण तास जाते, आणि चेन ऑइलची टाकी तिच्यानंतर संपते, हे हवं तसंच आहे. महिन्याहून जुनं मिश्रण मी मशीनमध्ये घालत नाही.

आता तक्रारी. गरम मशीन दहा मिनिटं ठेवून पुन्हा सुरू करायचं म्हटलं की नखरे करतं. चोक ओढला की प्लग ओला होतो, नाही ओढला की चार-पाच झटके द्यावे लागतात. अर्धा ट्रिगर धरून झटका दिला की येतं, पण हे शिकायला तीन आठवडे गेले आणि खांदा दुखला. ऑइलच्या टाकीचं झाकण हातमोजे घालून नीट लागत नाही. दोनदा ते अर्धवट बसलं आणि डाव्या मांडीवर तेल ओतलं गेलं. एअर फिल्टर मात्र सुरेख आहे. बारीक भुशाच्या दिवशीही दोन दिवस साफ करावा लागत नाही.

चेन ब्रेक तिसऱ्या महिन्यात एकदा खराखुरा लागला. आडव्या झाडाच्या फांद्या काढत होतो. पाल्याआड दुसरी फांदी होती, ती मला दिसली नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग तिला लागला आणि मशीन माझ्या छातीकडे उसळलं. डाव्या मनगटाने पुढची ढाल लोटली गेली की झटक्यानेच ब्रेक पडला, ते आजही सांगता येत नाही. चेन थांबली तेव्हा बार माझ्या हनुवटीच्या पातळीवर होता. अंगठा हँडलखालून पूर्ण वळलेला होता, म्हणून मशीन हातातून सुटलं नाही. त्या दिवशी मी उरलेल्या फांद्या काढल्या नाहीत. आता रोज सकाळी पहिल्या टाकीआधी ब्रेक तपासतो, आणि टोक दिसत नसेल तिथे आधी पाला बाजूला करतो, कितीही वेळ गेला तरी.

पँटबद्दलही लिहायला हवं, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. चेनसॉच्या पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन अडकते. माझी पहिल्या वर्गाची आहे, म्हणजे चाचणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर झालेली. दुसरा वर्ग २४ मीटरचा, तिसरा २८ चा. पण या मशीनची मोकळी चेन इंजिनच्या मिनिटाला साडेतेरा हजार फेऱ्यांवर, सात दातांच्या स्प्रॉकेटने, सेकंदाला २६ मीटर पळते. हा हिशोब केल्यापासून दोन कापांमध्ये चालताना दोन पावलंसुद्धा ट्रिगर सोडून, ब्रेक लावूनच टाकतो. पँट गरम होते, जड होते, घामाने चिकटते. तरीही तिच्याशिवाय मशीनला हात लावत नाही. तेल-भुशाने कडक झाली की माहितीपट्टीवर लिहिलंय तशी धुतो. धाग्यांना मोकळं हलता आलं नाही तर ते गुंतणार कसे?

सहाव्या महिन्यात रात्री डावा तळहात पुन्हा मुंग्यांनी भरायला लागला. चेन नवी होती, कामाचे तास तेवढेच होते, मशीन बघायला ठीक होतं. चार दिवस मी थंडीला दोष देत राहिलो. पाचव्या दिवशी बंद मशीनचं पुढचं हँडल धरून बाजूला ढकललं, तर इंजिनच्या अंगाला टक्क आवाज झाला. कव्हर काढलं तर हँडल आणि इंजिन यांच्यामधल्या कंपनविरोधी स्प्रिंगचा तुकडा पडलेला. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं होतं, आणि मी हाताचं ऐकलं नव्हतं. स्प्रिंग बदलायला वीस मिनिटं लागली. सुटा भाग यायला मात्र नऊ दिवस. ते नऊ दिवस मी कुऱ्हाड, पाचरी आणि मोजपट्टीचं काम केलं. जुनं मशीन शेडमध्येच होतं, पण ते बाहेर काढलं नाही.

आता दर सोमवारी चेन ताणण्याआधी हँडल चारही दिशांना ढकलून बघतो. बार उलटा करून लावतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. स्प्रॉकेटवर तिसरी चेन चालू आहे, तिच्याबरोबर तोही बदलेन. पिशवीत कानस, प्लग आणि मार्कर होतेच. त्यांच्याशेजारी आता दोन जादा स्प्रिंगा असतात.