कोयत्याची मूठ गुंडाळताना: पोलादी स्पाइक की बांबूचं फिड?

मुठीला दोरी गुंडाळायचा विषय निघाला की चर्चा दोरीवरच रंगते. सुती बरी की पॅराकॉर्ड (नायलॉनची बारीक दोरी), मेण चोळायचं की नाही. दोरी ताणायच्या, तिचे पेड उचलायच्या हत्याराबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

माझ्याकडे दोन्ही आहेत. मार्लिनस्पाइक, म्हणजे दोरीकामाचा टोकदार पोलादी सुळा, जहाजावरचा. डेकवर उमेदवारी करत होतो तेव्हा आमच्या सारंगाने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) दिलेला, वीतभर लांब, एका बाजूला निमुळता, दुसऱ्या टोकाला लोंबवायला भोक. फिड, म्हणजे त्याच कामाची पण लाकडाची किंवा बांबूची खुंटी, मात्र घरचं, माणगा जातीच्या बांबूचं. माणगा आतून जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे टोक कितीही काढा, पोकळी लागत नाही. पूर्वी जहाजांवर जड, तेलकट लाकडाची किंवा हाडाची फिडं असत. (सांबरशिंगाचा नाद सोडा. रानात गळून पडलेलं शिंग घरी आणणंही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.)

आधी स्पाइकची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. अकरा सेंटिमीटरच्या मुठीला 3 मिलिमीटरची दोरी साडेतीन-चार मीटर सहज खाते, आणि त्यातला प्रत्येक वेढा ताणून बसवावा लागतो. नुसत्या हाताने ओढलं तर दहाव्या वेढ्याला तळव्यावर वळ उठतात. स्पाइकभोवती दोरीचा सुटता फास टाकायचा, स्पाइक मुठीत आडवा धरायचा आणि अंगाचा भार टाकायचा. वेढे असे चिकटून बसतात की मधे नख जात नाही. हेच काम मी माझ्या पहिल्या फिडला सांगितलं, तर ते मधोमध तडकलं.

म्हणजे निकाल लागला, असं मलाही वाटलं होतं. पण मग शेवटच्या गाठी आल्या.

मुठीच्या दोन्ही टोकांना मी टर्क्स हेड नावाची गाठ घालतो. तीन पेड, पाच वळणं. तिपेडी वेणी गोल फिरवून तिच्या तिच्यातच जोडली तर दिसेल तशी. (तीन पेड आणि सहा वळणं करायला जाऊ नका. दोन्ही आकड्यांना सामाईक भाजक निघाला की ती एका दोरीत पुरी होत नाही. मी एक रविवार घालवून हे शिकलो.) गाठ घालणं अवघड नाही, तीत उरलेली ढील काढणं जिकिरीचं. एकेका छेदापाशी पेड उचलायचा, ढील पुढे सरकवायची, पुढच्या छेदाला जायचं. तीन फेऱ्यांची (त्याच वाटेने दोरी तीनदा फिरवलेली) गाठ दोनदा आवळेपर्यंत पन्नास-साठ वेळा तरी टोक दोरीखाली घालावं लागतं.

आणि इथे स्पाइक दोरीखाली न जाता दोरीत जातो. विणीतला एखादा धागा टोकावर उचलला जातो आणि केसाएवढा फास वर येऊन बसतो. कापला तर वीण उसवते, ठेवला तर कोयता हातात घेतला की बोटाला नेमका तोच लागतो. पॉलिश पेपरने टोक बोथट करून पाहिलं, तर ते आवळलेल्या पेडाखाली शिरेचना. परत काढलं, परत धागा. त्यातून एका आषाढात पांढऱ्या दोरीवर गंजाचे तपकिरी ओघळ उठले. ते धुऊनही गेले नाहीत.

फिडचं टोक मी बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि गोलसर ठेवलंय, वर मेण. ते पेडाला टोचत नाही, बाजूला सारतं. झिजलं तर जो कोयता गुंडाळायचा त्याच्याच पात्याने दोन सपकारे मारायचे. घसरलं तरी धारेला काही होत नाही. पोलाद पात्यावर आपटलं की काय होतं ते सांगायला नको.

आता माझा हातच जड असेल, हेही मान्य. त्या सारंगाच्या हातात याच स्पाइकने कधी धागा निघालेला मी पाहिला नाही. पॅराकॉर्डवर मला हा त्रास कमी जाणवला, तेव्हा तुम्ही नायलॉनच वापरणार असाल तर स्पाइकने निभावेल. तारेच्या दोराला हात घालणार असाल तर बांबूचा विचारही नको. पण सुती दोरी, घरचा कोयता आणि वर्षाकाठी दोन-चार मुठी एवढंच काम असेल, तर मी आधी माणग्याचं कांडं शोधेन. ताण द्यायला पलंगाच्या तुटक्या पायाचा दांडकाही चालतो, मी तोच वापरतो.

वडिलांचा कोयता गेल्या दिवाळीत असाच गुंडाळला. ते तो दिवसभर कमरेच्या आकडीत अडकवून बागेत हिंडतात. मुठीबद्दल अजून काही बोलले नाहीत, आणि त्यांच्याकडून हे कौतुकच समजायचं. स्पाइक मी कुणाला देऊन टाकलेला नाही. विहिरीवरच्या रहाटाच्या दोराची गाठ पावसात आवळली की तोच लागतो.