छातीवर रिंगवाला हार्नेस, ओढाताण करणाऱ्या पिल्लांसाठी
आमचं लॅब्राडॉर कुत्र्याचं पिल्लू म्हणजे नुसता धुमाकूळ, फिरायला काढलं की तेच आपल्याला ओढत नेणार, म्हणून हा गळ्याऐवजी अंगात घालायचा हार्नेस घेतला. पट्टा पाठीवर न लावता छातीवरच्या रिंगला लावायचा, मग जोर केला की ते आपोआप आपल्याकडे वळतं आणि गळ्यावर ताणही येत नाही. भारी आहे. पण हार्नेस काही शिकवत नाही हां, पट्टा ताणला की जागीच थांबायचं, सैल झाला की खाऊ द्यायचा, हे आपल्यालाच करावं लागतं. शिलाई दणकट, बकल मात्र फार कडक. मोठ्या जातीची पिल्लं १२ ते १८ महिन्यांपर्यंत वाढतात त्यामुळे भरपूर ॲडजस्ट होणाराच घ्या, काखेत घासतंय का बघत राहा आणि घरी आल्यावर काढून ठेवा, नाहीतर चावून पार वाट लावतात.